जागल्या कुणाला म्हणता?

मराठी पेपरवाल्यांनी एक शब्द उचललाय. जागल्या. कंपनीतली, खात्यातली लबाडी आतून बाहेर काढणाऱ्या माणसाला इंग्रजीत शिट्टी फुंकणारा म्हणतात. त्याला मराठीत काय म्हणायचं? तर जागल्या. शब्द चांगलाय. कानाला भारदस्त वाटतो. पण तो उचलला कुठून, हे कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

तो गावगाड्यातून उचललाय. जागल्या म्हणजे रात्रभर गावाची राखण करणारा. कुठं तो रामोशी होता, कुठं कोळी, कुठं महार. आमच्याकडं विदर्भात हे काम कोतवालाच्या गळ्यात होतं आणि कोतवाल बहुतेक महारच. गाव झोपायचं, हा जागायचा. गाव वाड्यात, हा वेशीबाहेर. आणि चोरी झाली की पहिला संशय ह्याच्यावरच. चोराचा माग काढून दे, नाही तर नुकसान तू भर, असा गावाचा दंडक. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्याला हात घातला तो उगाच नाही. वतन नावाची ती बिनपगारी गुलामी होती.

आज तोच शब्द टाय घातलेल्या साहेबाच्या गळ्यात हारासारखा पडतो. पडू द्या. साहेब खरं बोलला असेल तर त्याला हार घालायला माझी ना नाही. माझा सवाल वेगळा आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यानं जागं राहून आरोळी ठोकली त्याची आरोळी 'कटकट' आणि साहेबानं एकदा तोंड उघडलं की ते 'सत्य', हे कसं? हा सवाल एका सिनेमाच्या निमित्तानं या अंकात मांडतोय.

सिनेमाचं नाव 'द इन्सायडर'. दिग्दर्शक मायकल मान. १९९९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत लागला. गोष्ट खरी घडलेली. जेफ्री वायगँड नावाचा शास्त्रज्ञ 'ब्राऊन अँड विल्यमसन' या सिगारेट कंपनीत संशोधन खात्याचा उपाध्यक्ष होता. पगार वर्षाला ३ लाख डॉलर. १९९३ साली कंपनीनं त्याला काढलं आणि गुप्ततेच्या करारावर सही घेऊन तोंड शिवलं. मग सगळ्या मोठ्या तंबाखू कंपन्यांचे सात मुख्य अधिकारी अमेरिकन संसदेच्या समितीपुढं उभे राहिले. उजवा हात वर केला, शपथ घेतली आणि एकामागून एक म्हणाले, निकोटिनचं व्यसन लागत नाही. तारीख होती १४ एप्रिल १९९४. इकडं आपण मिरवणुकीत निळ्या झेंड्याखाली नाचत होतो, तिकडं ही सात माणसं जगाच्या तोंडावर खोटं बोलत होती.

वायगँडला ते खोटं आहे हे ठाऊक होतं. कंपनी निकोटिनशी रसायनांचा खेळ कसा करते हे त्यानं आतून पाहिलं होतं. सीबीएस या वाहिनीच्या '६० मिनिट्स' कार्यक्रमाचा निर्माता लोवेल बर्गमन त्याच्या मागं लागला. १९९५ च्या ऑगस्टात मुलाखत टेप झाली. पण वाहिनीचे वकील घाबरले. कराराचा भंग करायला लावला म्हणून कंपनी दावा ठोकेल, वाहिनीची विक्री चालू आहे, त्यात खोडा येईल. म्हणून १२ नोव्हेंबर १९९५ ला मुलाखतीची जीभ कापून कार्यक्रम दाखवला. त्याच महिन्यात वायगँडनं मिसिसिपी राज्याच्या दाव्यात साक्ष दिली. ती पुढं वॉल स्ट्रीट जर्नलनं छापली, तेव्हा कुठं सीबीएसला धीर आला. ४ फेब्रुवारी १९९६ ला पूर्ण मुलाखत दाखवली. म्हणजे बातमी सगळ्या जगाला कळल्यावर वाहिनीनं शौर्य गाजवलं!

मधल्या काळात कंपनीनं वायगँडची ५०० पानांची कुंडली तयार करून पत्रकारांत वाटली. हा खोटारडा, हा भांडखोर, हा असा, हा तसा. संसार मोडला. ३ लाखांचा साहेब ३० हजारांवर शाळेत मास्तर झाला. आणि मग नोव्हेंबर १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांनी ४६ राज्यांशी तडजोड केली : २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर. त्या तडजोडीला अनेकांचे हात लागले, त्यात ह्याही माणसाचा हात होता.

सिनेमा वाईट आहे असं म्हणणारा मी नाही. एकाही बंदुकीचा बार न काढता अडीच तास खुर्चीला खिळवून ठेवतो. रात्रीचं गोल्फचं मैदान, दूर उभा एक अनोळखी माणूस, बस्स, तेवढ्यात पोटात गोळा येतो. रसेल क्रोनं वायगँड असा उभा केलाय की चांगला नट आणि सज्जन माणूस ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पटतं. वायगँड ह्यात देव नाही. चिडका आहे, घुमा आहे, पैशाची काळजी करणारा आहे. हे दाखवायला हिंमत लागते. आपल्या सिनेमावाल्यांना नायक म्हटला की आधी त्याला दुधानं आंघोळ घालायची सवय.

आता ह्या सिनेमाला लोकांनी आणि समीक्षकांनी काय दिलं ते बघा. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. लॉस एंजेलिसच्या समीक्षक मंडळानं तो त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट ठरवला. ऑस्करची सात नामांकनं मिळाली, बाहुली एकही मिळाली नाही. तिकीटबारीवर खर्चही नीट निघाला नाही. आणि वाद कशावर झाला? माइक वॉलेस हा '६० मिनिट्स'चा बडा मुलाखतकार. सिनेमात तो कच खातो असं दाखवलंय. त्याचा अपमान झाला की नाही? बर्गमनला जरा जास्तच शूर दाखवलंय का? वायगँडच्या टपालपेटीत बंदुकीची गोळी कुणी टाकली? कंपनीनं की त्यानं स्वतःच? कंपनीही ओरडली, सिनेमा खोटा आहे म्हणून. ज्यांच्या साहेबांनी शपथेवर खोटं सांगितलं त्यांना एकदम खरेपणाचा पुळका!

महिनोन् महिने चर्चा चालली ती ह्या चार-पाच माणसांच्या अब्रूची. ताण किती छान जमलाय, छायाचित्रण कसं आहे, कोण खरा, कोण फुगलेला. तंबाखूनं मेले त्यांची चर्चा किती झाली? तंबाखूच्या शेतात राबले त्यांची? कारखान्यात धूळ गिळली त्यांची? सिनेमानंच त्यांना गोष्टीत घेतलं नाही, तर समीक्षक कशाला घेतात! सिनेमा साहेबांच्या खोलीत घडतो, समीक्षाही साहेबांच्या खोलीत घडली. खोलीच्या बाहेर ज्याचं फुप्फुस आहे तो दोघांनाही दिसला नाही.

आणि एक माणूस तर खोलीत असून दिसला नाही. मेरिल विल्यम्स. हे नाव आपल्यातल्या किती जणांनी ऐकलंय? केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात ब्राऊन अँड विल्यमसनचं काम पाहणारी वकिलांची मोठी पेढी होती. तिथं १९८८ पासून हा कंपनीचे जुने कागद लावण्याचं काम करत होता. मजुरी तासाला ९ डॉलरच्या घरात. माणूस नाट्यशास्त्रात डॉक्टरेट झालेला, पण नशिबी कारकुनी. कागद लावता लावता वाचत गेला, तर काय? निकोटिन व्यसन लावतं, सिगारेट मारते, हे कंपनीला कित्येक वर्षं ठाऊक होतं, तिच्याच कागदांत लिहिलेलं होतं. ह्यानं ते कागद अंगावरच्या कपड्यांत लपवून बाहेर नेले, छायाप्रती काढल्या, मूळ कागद परत जागेवर ठेवले. हजारो पानं. ती पुढं संसदेच्या सभासदाकडं, पत्रकारांकडं आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्टॅंटन ग्लांट्झ या प्राध्यापकाकडं पोचली. १९९६ साली त्यावर विद्यापीठानं 'द सिगारेट पेपर्स' हे जाड पुस्तक काढलं. कंपनीनं विल्यम्सवर खटला भरला, त्याला चोर ठरवलं. २०१३ साली तो वारला.

वायगँडच्या तोंडच्या शब्दाला ज्या कागदांनी पाठबळ दिलं ते ह्या कारकुनानं आणले. सिनेमा निघाला उपाध्यक्षावर. का? विल्यम्सही काही संत नव्हता, पैशाच्या भानगडी त्याच्याही नावावर आहेत. पण वायगँडही संत नव्हता. फरक संतपणाचा नाही, खुर्चीचा आहे. ३ लाखांच्या खुर्चीवरून माणूस खाली पडला तर त्याला शोकांतिका म्हणतात. ९ डॉलरवाला आधीच खाली बसलेला. तो पडणार कुठून?

हा सिनेमा आम्ही अभ्यासवर्गात दाखवला. भिंतीवर पांढरी चादर, मधून मधून थांबवून मराठीत सांगणारा एक पोरगा. ताण सगळ्यांनाच जाणवला. पण वायगँडचं मोठं घर जातं, बायको सोडून जाते, तिथं मागं बसलेला एक जण म्हणाला, "ह्या साहेबाचं घर गेलं, पन शाळेत मास्तर तं झालाच ना गा! आमच्या इकडं मास्तर होऊन दाखव म्हना." सगळे हसले. मग तेंदूच्या फळीवर हयात घालवलेली एक बाई बोलली, "काहून भाऊ, एवढी तंबाकूची गोठ सांगून राह्यले, पन तंबाकू तोडनारा मानूस कोनीच नाई दिसला?"

बास. अमेरिकेतल्या इतक्या परीक्षणांपेक्षा मला हे एक वाक्य मोठं वाटतं. कारण हे परीक्षण हातानं केलंय.

तिचा हात कोणता? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात एप्रिल संपता संपता तेंदूचा हंगाम लागतो. पहाटे अंधारात बाया, पोरं, म्हातारे निघतात. पानं खुडायची, ७० पानांचं पुडकं बांधायचं, दुपारी फळीवर नेऊन मोजून द्यायचं. गोंड बाई, महार बाई, ढिवर बाई, सगळ्यांच्या हाताला तोच चीक. त्या पानात तंबाखू भरली की बिडी होते. बिडी ओढणारा खोकतो, बिडी वळणारी खोकते, आणि पान तोडणारी वाघाच्या तोंडात जाते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. वायगँडच्या टपालपेटीतल्या गोळीवर चार महिने चर्चा. ह्या बायांवर चार दिवस बातमी आणि मग 'मानव-वन्यजीव संघर्ष' असा एक गुळगुळीत शब्द. जणू वाघाचं आणि बाईचं जुनं भांडण होतं! तिला जंगलात कशानं पाठवलं? पोटानं. पोट रिकामं कुणी ठेवलं, ते त्या शब्दात येत नाही.

ह्या धंद्यातल्या लबाडीची पहिली आरोळी कुणी ठोकली हे आठवा. कामठीचे बाबू हरदास एल. एन. ज्या 'जयभीम'नं आपण एकमेकांना हाक मारतो तो घराघरात नेणारा माणूस. बिडी कामगार दिवसभर वळायचे आणि ठेकेदार त्यातल्या बिड्या खराब म्हणून छाटायचा. छाटलेल्याची मजुरी नाही, पण बिड्या मात्र ठेकेदाराच्याच घरात. ही चोरी काय गुपित होती? प्रत्येक वळणाऱ्या बाईला पाठ होती. हरदासांनी १९३० च्या दशकात त्या वळणाऱ्या हातांची संघटना बांधली आणि मध्यप्रांतभर नेली. १२ जानेवारी १९३९ ला क्षयानं गेले. वय जेमतेम पस्तीस. २०१६ साली सुबोध नागदेवेंनी त्यांच्यावर 'बोले इंडिया जय भीम' हा मराठी सिनेमा केला. 'द इन्सायडर'ची माहिती असलेल्या किती शहाण्यांनी त्याचं नाव ऐकलंय? किती परीक्षणं तुम्ही वाचलीत? हात वर करा. तंबाखूच्या धंद्यातला हाही एक आतला माणूसच होता. पण तो आतला म्हणजे दिवाणखान्यातला नव्हता, खळ्यावरचा होता.

कुणी म्हणेल, संपादक, तुम्ही उगाच जातवर्ग घुसडता. मजुरावरही सिनेमे निघालेत. निघालेत की. १९८३ चा 'सिल्कवूड' घ्या. माइक निकोल्सचा सिनेमा, मेरिल स्ट्रीपची भूमिका. कॅरेन सिल्कवूड ही ओक्लाहोमातल्या 'केर-मॅकगी'च्या प्लुटोनियम कारखान्यातली कामगार, युनियनची कार्यकर्ती. कामगारांच्या अंगात विष जातंय आणि कंपनी तपासणीत फसवाफसवी करतेय असं तिचं म्हणणं. स्वतःच्या अंगात, घरात प्लुटोनियम सापडलं. १३ नोव्हेंबर १९७४ ला कागद घेऊन न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदाराला भेटायला निघाली आणि रस्त्यात गाडीच्या अपघातात मेली. कागद पुढं सापडले नाहीत. कंपनी काय म्हणाली? हिनं मुद्दाम स्वतःच्या अंगाला विष लावून घेतलं! १९७९ साली ज्यूरीनं तिच्या वारसांना एक कोटी ५ लाख डॉलर द्या म्हणून सांगितलं. कोर्टकचेरी करत करत १९८६ साली १३ लाख ८० हजारांवर तडजोड झाली, आणि चूक कबूल न करता. ह्याही सिनेमाला ऑस्करची पाच नामांकनं, बाहुली शून्य.

साहेब खरं बोलला तर विचारतात, ह्याचा हेतू काय? मजूर खरं बोलला तर विचारतात, हिनं स्वतःच केलं नसेल कशावरून? जागल्यावर चोरीचा आळ घेणारं आपलं गाव अमेरिकेतही आहे.

आता घरात या. सत्येंद्र दुबे, महामार्गाच्या कामावरचा इंजिनीअर. सुवर्ण चतुष्कोनातल्या लुटीचं पत्र २००२ साली थेट पंतप्रधानांना लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली. पत्र नावासकट टेबलाटेबलांवर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत गोळी घातली. मंजुनाथ षण्मुगम, इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी. भेसळीचा पेट्रोल पंप बंद केला म्हणून १९ नोव्हेंबर २००५ ला उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यात मारला. आपल्या महाराष्ट्रात मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे. तेलाच्या भेसळीवर धाड टाकायला गेले, २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ जिवंत जाळले.

मंजुनाथवर संदीप वर्मांनी सिनेमा काढला. तो ९ मे २०१४ ला लागला. त्याच दिवशी जागल्यांच्या संरक्षणाच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. सिनेमा थिएटरातून उतरला, कायदा मात्र अंमलात चढलाच नाही. वर्षं उलटली, सरकारनं तो लागू करायची तारीख काढली नाही. उलट २०१५ साली त्याचे दात काढणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर केलं. आणि हा कायदा लागू झाला तरी तो सरकारी नोकराच्या भ्रष्टाचारापुरता. खाजगी कंपनीत काय? तिथं २०१३ चा कंपनी कायदा सांगतो की मोठ्या कंपन्यांनी आतल्या तक्रारीची सोय करावी, तक्रार जाईल कंपनीच्याच लेखापरीक्षण समितीकडं. म्हणजे चोराच्या ओसरीवर बसून चोरीची फिर्याद लिहायची. आणि ठेकेदाराच्या मजुराला, फळीवरच्या बाईला ती ओसरीसुद्धा नाही.

भोपाळ आठवा. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात अशरफ खान नावाचा कामगार फॉस्जीन वायूनं मेला. कामगारांच्या युनियननं आरडाओरडा केला, शहरात भित्तिपत्रकं लावली. राजकुमार केसवानी नावाचा तरुण पत्रकार कामाला लागला. 'रपट' हे त्याचं छोटं हिंदी साप्ताहिक. १९८२ साली त्यानं त्यात लिहिलं, हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय. एकदा नाही, पुन्हा पुन्हा लिहिलं. कोण वाचतं? छोटं पत्र, छोटा माणूस. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला आणि हजारो माणसं झोपेत, रस्त्यात, स्टेशनावर मेली. मग जगभरच्या मोठ्या पेपरांनी केसवानीचा शोध घेतला, बक्षिसं दिली, पुढं त्याच्यावर बेतलेली पात्रं पडद्यावर आली. मेल्यानंतर खरं पटलं. आपल्यासारख्या दोन-चारशे प्रतींच्या पत्रांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी. बातमी होती. वाचणाऱ्याला ती बातमी वाटली नाही, एवढंच.

म्हणजे प्रश्न माहितीचा नाहीच. चंद्रपूरचं उदाहरण घ्या. २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळानं देशातले ८८ औद्योगिक पट्टे मोजले. चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन चौथं आलं. परीक्षेत एवढे गुण आपल्या पोरांना मिळाले असते तर! पेपरांनी छापलं : धक्कादायक. कुणाला धक्का? वीजकेंद्राची राख ज्याच्या भाताच्या बांधीत उतरते त्याला? दोरीवरचं लुगडं संध्याकाळी काळं होऊन काढणाऱ्या बाईला? खाणीच्या सुरुंगानं ज्याची भिंत तडकते त्याला? त्याला २००९ च्या वीस वर्षं आधीपासून ठाऊक होतं. पण तो बोलला तर ती 'तक्रार', मंडळानं बोललं तर तो 'निष्कर्ष'. ज्ञान कशाला म्हणायचं हेही ह्या देशात वरची आळी ठरवते.

आणि कागद? कागद त्यांच्या कपाटात. पुरावा मात्र आपण द्यायचा. २००६ चा वनहक्क कायदा बघा. कायदा चांगला, लढून मिळवलेला. पण जंगलातल्या बिगरआदिवासी माणसाला, म्हणजे आपल्या दलितालाही, तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. ज्याच्या आज्याला शाळेच्या पायरीवर चढू दिलं नाही त्याच्याकडं ७५ वर्षांचा कागद मागता? कंपनीला सिगारेटचं विष ४० वर्षं लपवायला कपाट मिळतं. आमच्या आज्याचा एक कागद ठेवायला घराला धड छप्पर नव्हतं.

तेव्हा सिनेमा बघून 'वा, काय माणूस!' म्हणत चहा प्यायला निघून जाऊ नका. ह्या सिनेमातनं उचलायचं एकच : तोंडाचा शब्द एकटा टिकत नाही. वायगँडचा शब्द टिकला कारण त्याच्या मागं विल्यम्सचे कागद होते, एका राज्याचा दावा होता, छापणारा एक पेपर निघाला. दुबेचा शब्द एकटा होता, म्हणून त्याच्यासकट संपवता आला. एकटा वीर ही सिनेमाची गरज आहे. चळवळीची नाही. एकाला गोळी घालता येते. दोनशे सह्यांना गोळी कशी घालणार?

आपल्या भागात हे जमतं, हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावानं दाखवलंय. तिथं लोक अभ्यासगट करून बसले, कायदा वाचला, २००९ साली जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ साली स्वतःचा बांबू स्वतः विकला. त्याआधी तोच बांबू कुणाच्या पदरात कवडीमोलानं पडत होता हे गावानं हिशेब मांडून बोलून दाखवलं. त्यांच्यात कुणी उपाध्यक्ष नव्हता. एकमेकांच्या देखत बोलायची सवय होती.

म्हणून काम सांगतो. भाषण नाही, काम. येत्या तेंदू हंगामात प्रत्येक फळीवर आपल्या एकानं वही ठेवायची. रोज किती पुडके दिले, किती वर घेतले, किती बाद केले, भाव काय बोलले, हातात काय पडलं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं दुसऱ्यानं लिहायचं, आठवड्याला सगळ्यांसमोर वाचायचं. खाणीवर, राखेवर, गिरणीत ठेकेदाराकडं काम करणाऱ्यांनी हजेरीच्या, मजुरीच्या चिठ्ठ्या फेकू नका. मोबाईलवर फोटो काढा, दोघा-तिघांकडं ठेवा. सरकारी खात्याकडं जे आहे ते २००५ च्या माहितीच्या कायद्यानं मागा, पण एकट्याच्या नावानं नको, एका दिवशी दहा जणांच्या अर्जांनी. ग्रामसभेत ठराव घ्या, ठरावाची नक्कल घ्या. कारकुनी वाटते? कारकुनानंच तंबाखूच्या राजांना घाम फोडला होता.

आणि दोस्तांनो, एक कडू बोलतो. आपल्याच पोरांच्या गालात खर्रा असतो. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली, पन्नी मात्र जागेवरच. तोंडात खर्रा धरून भांडवलशाहीवर बोलता येत नाही, शब्द धड बाहेर पडत नाहीत. तंबाखूवाल्याला तुमचं तोंड बंद हवंय, ते तुम्ही स्वतःच्या खर्चानं बंद करून देता. त्या सात साहेबांनी शपथ घेऊन खोटं सांगितलं ते तुमच्या ह्याच गालाबद्दल. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडच्या कामगार परिषदेत आपले दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दुसरा शत्रू रोज पाच-दहा रुपयांना विकत घेऊन दाढेखाली ठेवायचा आणि पहिल्याच्या नावानं घोषणा द्यायच्या, हे कसं चालेल?

सिनेमा जरूर बघा. चादर आमच्याकडं आहे, बोलवा, दाखवायला येऊ. पण परीक्षण लिहाल तेव्हा त्या बाईचा सवाल पहिल्या ओळीत घ्या : तोडणारा माणूस कुठाय? हा सवाल प्रत्येक सिनेमाला लावा, प्रत्येक अहवालाला लावा, आपल्या चळवळीच्या प्रत्येक ठरावालाही लावा. फळीवरच्या वह्या हंगाम संपला की आमच्याकडं पाठवा. आकडे छापू, गावाचं नाव विचारून छापू, माणसाचं नाव छापणार नाही. दुबेचं पत्र नावासकट फिरवणाऱ्यांची जात वेगळी, आपली वेगळी.

पेपरवाल्यांनी आमचा शब्द नेलाय. हरकत नाही. जागं राहायचं काम आमचंच होतं. आता ते गावासाठी फुकट करायचं नाही, आपल्यासाठी करायचं.

जयभीम.